रुमालाला तिकीट नसतं

चौदा ऑगस्टची दुपार. कढी-भात अंगावर आलाय, आणि हरेश तलरेजा सोफ्यावर आडवा पडून छताच्या पंख्याला भाषण म्हणून दाखवतोय. "तुम्ही आम्हाला सामावून घेतलंत, त्याबद्दल आम्ही तुमचे ऋणी आहोत." इथवर आलं की दर वेळी त्याचे डोळे मिटतात. भाषणात काहीतरी बिघडलंय हे पंख्यालाही कळलं असावं. याच वाक्याला तो कुरकुरतो.

हरेश सोसायटीचा सेक्रेटरी झाला, कारण निवडीच्या वेळी तो पाणी आलं का ते बघायला खाली गेला होता. उद्या सकाळी गच्चीवर झेंडा, आणि झेंड्याखाली भाषण. दरवर्षी ते दुसऱ्या मजल्यावरचे फालककाका करायचे. जन्मभर एस.टी.त कंडक्टर, त्यामुळे माईक भाड्याने आणावा लागायचा नाही. काका चैत्रात गेले. काल बोरोलेकाकूंनी ग्रुपवर लिहिलं, 'भाषण आपल्यातल्या कुणीतरी केलेलं बरं.' पुढे हात जोडलेले.

तलरेजा सिंधमधून जळगावात आले त्याला तीन पिढ्या झाल्या. आजोबांनी कापडाचं दुकान काढलं, वडिलांनी वाढवलं, हरेश तिथे बसून मोबाइल बघतो. तरी 'आपल्यातल्या' हा शब्द वाचून त्याला अनोळखी घरात एक चप्पल काढून उभं राहिल्यासारखं झालं. 'काकू, भाषण तुम्हीच करा' असं त्याने टाइप करून ठेवलंय. पाठवलेलं नाही. उद्याचा पांढरा कुर्ता इस्त्री होऊन दाराला टांगलाय. तो वाऱ्याने हलतो, हलतो, आणि

"चला, पुढं सरका. मधे जागा आहे."

सोफ्याचं रेक्झिन फाटलेलं आहे आणि समोरच्या पाठीवर कुणीतरी बाण मारलेला बदाम कोरलाय. एस.टी. आहे. खिडकीबाहेर केळीच्या बागा, मग स्वयंपाकघर, त्यात भांडी घासणारी त्याची आई, अम्मा, मग परत केळी. बस स्वयंपाकघराला थांबत नाही. जलद गाडी असावी. हरेश नीट बसायला जातो तर तो दारात लोंबकळतोय, एक पाय पायरीवर, अंगात तोच पांढरा कुर्ता.

गर्दीतून फालककाका येतात. खाकी कपडे, गळ्यात कातडी बॅग, हातात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. नाकात कापूस तसाच.

"काका, तुम्ही वारलात."

"मले माहीत आहे. तिकीट बोल."

"कापूस तरी काढा की."

"राहू दे. गाडीत धूळ लई येते. कुठं जायचं तुले?"

"जागाच नाही, काका."

खरंच नाही. एकूण एक सीटवर रुमाल पडलाय. बाहेरून बोरोलेकाकू पळत्या गाडीबरोबर आरामात चालत खिडकीतून रुमाल टाकतायत, आणि त्यांचा नेम उत्तम आहे. काका एक रुमाल चिमटीत उचलतात. "हा कोनाचा?"

"माझा," काकू म्हणतात. आता त्या पहिल्या सीटवर बसलेल्या आहेत. "जागा धरलीय. आपल्या माणसांसाठी."

"मानसं कुठं आहेत?"

"येतील."

"रुमालाले तिकीट नसतं, बाई. जो चढला तो बसनार."

काकू तोंड फिरवतात. फिरवता फिरवता शेंगदाण्यांची पुडी मात्र हरेशपुढे धरतात. एस.टी.त भांडण झालं तरी खाणं वाटावंच लागतं.

"आता भाषन म्हन," काका म्हणतात.

"तुम्ही आम्हाला सामावून घेतलंत, त्याबद्दल..."

काका दोरी ओढतात. टण. बस थांबते तेव्हा ती बस नसते. तिरडी असते, आणि हरेशच्या खांद्यावर तिचा डावीकडचा मागचा बांबू. काका वर आडवे पडलेत, बॅग पोटावर घेऊन. रस्ता स्मशानाचा आहे, पण दोन्ही बाजूंना फलाट लागलेत.

"तुझ्या अंगाले मी घसरू राह्यलो व्हतो," काका वरून सांगतात. "बुटका आहेस तू."

"सॉरी, काका."

"खांदा देताना तुले कोनी विचारलं का, तू आपल्यातला आहेस का म्हनून?"

"नाही. बोरोलेकाका म्हणाले, ए हरेश, लाग इकडून."

"मंग तवा त्यायले म्हनला का, तुम्ही आम्हाला फालक उचलू दिलेत, आम्ही तुमचे ऋणी आहोत?"

हरेश विचार करतो. तिरडीखाली विचार करायला सवड असते. "नाही म्हणालो."

"काय म्हनला व्हता?"

"म्हणालो, जरा हळू घ्या, आपल्या काकांचा पाय लोंबकळतोय."

"कोनाच्या काकाचा?"

"आपल्या."

"झालं तं मंग," काका म्हणतात, आणि लोंबकळणारा पाय वर ओढून घेतात.

टण टण. बस सुटते. हरेश पुन्हा दारात.

"तुझा आजा चढला, तुझा बाप चढला," फालककाका आता त्यांच्या पंधरा ऑगस्टच्या आवाजात बोलतायत, "आन् तू अजून पायरीवर उभा राहून आभार मानू राह्यला. मागचे चढतीन कसे? सरक आत."

हरेश आत सरकतो. रुमाल उचलतो, नीट घडी करून काकूंच्या हातात देतो आणि बसतो. सीट गरम आहे. कुणीतरी बराच वेळ बसून ती त्याच्यासाठी राखून ठेवल्यासारखी.

काका बॅगेत हात घालतात. तिकिटं संपलीत. मग ते हरेशच्या कुर्त्याचा खिसा चिमट्यात धरतात. टिक.

"कुठपर्यंतचं दिलंत?"

"शेवटच्या स्टॉपचं."

"तुम्ही येताय ना तिथवर?"

"मी उतरलो ना भो. चैत्रात."

टण टण.

टण टण. दारावरची बेल आहे. हरेश उठतो. पंखा आता निमूटपणे फिरतोय. दारात बोरोलेकाकू उभ्या, हातात झेंड्यात बांधायच्या झेंडूच्या पाकळ्यांची पिशवी. नजर पायपुसण्यावर.

"ते भाषणाचं काय ठरलं मग?"

"मी करतोय, काकू. आपल्यातलं दुसरं कुणी रिकामं नव्हतं."

काकू हे वाक्य दोनदा मनात म्हणून बघतात. त्यात बोट ठेवायला जागा सापडत नाही.

"आत या ना," हरेश म्हणतो. "दारात काय उभ्या? मागचे चढतील कसे?"

मागे कोण आहे ते काकू वळून बघतात. कुणी नाही. मग त्या आत येतात, सोफ्यावर टेकतात, अम्माने आणलेलं पाणी पितात, आणि त्यांचं लक्ष दाराला टांगलेल्या कुर्त्याकडे जातं.

"अगं बाई. कोऱ्या कुर्त्याच्या खिशाला भोक?"

अम्मा धावत येते. भोक गोल आहे, कडा स्वच्छ, करंगळीही जाणार नाही एवढं. झुरळ असं कुरतडत नाही, यावर दोघींचं एकमत होतं.

"आण, रफू करून देते," काकू म्हणतात. "सकाळपर्यंत कळणारसुद्धा नाही."

"नको," हरेश म्हणतो. "उतरेपर्यंत जपून ठेवायचं असतं."