बॅट बॉलने मोडली नव्हती, अन्वरभाई

अन्वरभाई गेले, आणि मी त्यांच्याशी खोटं बोलले होते ते तसंच राहिलं.

आज आठ दिवस झाले. मला काहीच नीट कळत नाहीये, त्यामुळे जसं सुचेल तसं लिहितेय.

जुन्या पनवेलच्या बाजारात त्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान. आणि आमची सॉफ्टबॉलची टीम म्हणजे शाळेत खेळलेल्या आणि चाळिशीत पुन्हा खेळायची खाज सुटलेल्या बायका. दर वर्षी नवीन पनवेलला लीग असते. मी कॅप्टन. का, ते मला विचारू नका.

पहिल्यांदा बॅट घ्यायला गेले तेव्हा मी जरा टेचातच विचारलं, "तुम्ही कुठे खेळायचात?"

"खेळलो नाय कदी. बहरीनला कंपनीत स्टोअरकीपर होतो. साहेब लोक खेळायचे, मोडलेल्या बॅटी माज्याकडे जमा. बारा वर्षं मोडलेल्या बॅटीच बघितल्या, ताई."

कोणती बॅट टिकते हे याच माणसाला विचारावं, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

पण मला कंपोझिटची, म्हणजे कार्बन फायबरची हवी होती. कळंबोलीच्या टीमकडे होती ना! काळी, चकचकीत.

"ती नाजूक हाय. मारते झकास, पण तडा गेला की खलास. लीग खेळायची तर अ‍ॅल्युमिनियमची घ्या, एकाच नळीची. पोचा पडेल, पण खेळत राहील."

"नको, कंपोझिटचीच द्या."

"तुमची मर्जी."

मग आली खंडेनवमी.

आम्ही बिल्डिंगच्या गच्चीवर बॅटी, ग्लव्ह्ज, हेल्मेट सगळं पाटावर मांडलं. हळदकुंकू, झेंडू, सगळं साग्रसंगीत.

आणि नारळ फोडायला दगडच नाही.

टाइल्सवर फोडावा तर सोसायटीचे सेक्रेटरी धावत वर आले असते.

आमची पिचर शोभा म्हणाली, "थांब, खालून दगड आणते."

मी म्हटलं, "अगं, बॅट कशाला आहे?"

तिसऱ्या फटक्याला नारळ फुटला. बॅटही फुटली.

शस्त्रपूजेत शस्त्राचाच बळी देणारी मी पहिलीच असेन.

दसरा झाल्यावर तोंड पाडून दुकानात गेले. "खेळताना बॉल लागला आणि तडा गेला," मी ठोकून दिलं.

अन्वरभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. बॅट डोळ्यांजवळ नेली. नखाने तडा थोडा उचकटला आणि आतून काहीतरी ओढून काढलं.

काथ्याचा तंतू. चांगला बोटभर लांब.

तो त्यांनी उजेडात धरला.

"बॉल कुठला होता?"

"लोकल," मी म्हटलं.

"अच्छा."

बस, एवढंच. मग आतून अ‍ॅल्युमिनियमची बॅट आणली आणि माझ्या हातात दिली.

"ही घ्या. हिच्यावर कायपण फोडा."

मी बाहेर आले आणि शोभाला फोन केला, "त्यांना काही कळलं नाही गं!"

इतकी मी हुशार.

त्यानंतर दहा वेळा तरी दुकानात गेले असेन. दर वेळी सांगायचं असं ठरवून. ते चहा मागवायचे, बॅटीची ग्रिप बदलून द्यायचे, कोण जिंकलं विचारायचे. मी पुढच्या वेळी सांगू म्हणून परत यायचे.

आणि गेल्या आठवड्यात ते झोपेतच गेले.

मला कळेना, काय करायचं. कबरस्तानात बायकांनी जायचं नसतं म्हणे. घरी जायचं तर कुठे बसायचं, काय बोलायचं? हार न्यायचा का? नेला नाही. दारात त्यांची मुलगी शबाना भेटली. तिचा हात धरला आणि "सॉरी" म्हटलं.

तिला वाटलं, वडील गेले म्हणून म्हणतेय.

काल दुकान उघडलं. लीग तोंडावर आलीये आणि टीममध्ये आलेल्या दोन नव्या मुलींना हलकी बॅट हवी होती. काउंटरला शबाना होती. तिने चार बॅटी काढून ठेवल्या.

मी एकेक उचलली, एकेक खाली ठेवली. वजन बघितलं, लांबी बघितली, लीगला चालणारा शिक्का बघितला. डोक्यात काही शिरत नव्हतं. सांगणारं माणूसच नव्हतं. शेवटी अ‍ॅल्युमिनियमची उचलली.

पिशवीत घालता घालता शबाना म्हणाली,

"पूजा करणार काय ताई? नारळ दगडावर फोडा हां."

"हे तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"अब्बा सगळ्या सॉफ्टबॉलवाल्यांना सांगायचे. बॅट विकली की हेच. मला पण शिकवून ठेवलंय. का सांगायचे, अल्ला जाणे. तुम्हाला माहितीये?"

"नाही गं," मी म्हटलं.

बघा. मुलीशी पण खोटंच.

घरी आल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. सगळं कळलेलं असूनही त्यांनी माझी लाज राखली? की मनातल्या मनात हसत होते? की दर वेळी चहा मागवून वाट बघत होते, ही बाई आज तरी बोलतेय का?

आता हे विचारायचं कोणाला?

शबाना, तू हे वाचशील म्हणून लिहितेय. ते माझ्यामुळे सांगायचे. उद्या दुकानात येते, समोर बसून सगळं सांगते. हसू आलं तर हस. राग आला तर रागव.

अन्वरभाई, बॅट मी मोडली. शोभाने नाही, टीमने नाही, बॉलने तर नाहीच. माझं चुकलं.

तुम्ही असताना एवढं म्हणायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

तुमच्यात श्रद्धांजली म्हणतात की नाही, मला तेही माहीत नाही. मी मनापासून वाहतेय, तुम्ही गोड मानून घ्या. अल्ला तुम्हाला त्याच्याजवळ चांगली जागा देवो.