एकाच ठिकाणी लिहिलेलं

वनिता गेली, त्याला आता सहा आठवडे होतील. तिच्या भावाचा फोन आला तेव्हा मी मुरबाडहून शहापूरला निघालेल्या एसटीत होते. किडनीचं दुखणं वर्षभर चाललेलं, त्यामुळे मन तयार असायला हवं होतं. तरी उतरले ती सरळ आमच्या ऑफिसात गेले आणि तिचा कॉम्प्युटर सुरू केला... का, ते मलाही सांगता येणार नाही.

आम्ही दोघी वेबसाइट बनवायचो. शहापुरात झेरॉक्सच्या दुकानावर आमची खोली होती. वनिता खर्डीची, भातशेती करणाऱ्या घरातली. आमचं पहिलं मोठं काम म्हणजे पाड्यांवरच्या आजारी माणसांना दवाखान्यात पोचवणाऱ्या एका जीपवाल्याची वेबसाइट. प्रत्येक पाड्याचं वेगळं पान, अशी चाळीस पानं, आणि प्रत्येकाच्या तळाशी त्याचा फोन नंबर. एकदा तो नंबर बदलला. मी एकेक पान उघडून दुरुस्त करत गेले आणि उंबरमाळीकडच्या एका पाड्याचं पान राहून गेलं. पुढे तिथल्या एका बाईला कळा सुरू झाल्या, घरच्यांनी पानावरचा नंबर लावला, तर तो बंद. झोळी करून तिला रस्त्यापर्यंत आणावं लागलं. बाई आणि बाळ सुखरूप राहिली, पण हे कळल्यावर मी वनिताला माझी चूक सांगितली.

ती म्हणाली, "तुझ्यामुळं नाय गो झालं. एकच गोष्ट आपण चाळीस ठिकाणी लिवली, तिथंच चुकलं."

सगळ्या पानांना लागणारे भाग वेगळ्या फाइलींत ठेवायची सोय आमच्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर आम्ही वेबसाइट उभी करायचो त्यात, होतीच. घाईत आम्ही ती वापरली नव्हती. आठवडाभर बसून तिने पानांचे भाग सुटे केले. वरचा भाग ‘माथा’, सूचनांची चौकट ‘फळा’, तळाचा भाग ‘पायथा’. प्रत्येकाची एकच फाइल, सगळी पानं तीच वापरणार. इंग्रजी नावं ठेवू या, असं मी सुचवलं, तर म्हणाली, "आपल्याला सापडायला हवं ना?"

मग मला घेऊन ती त्या पाड्यावर गेली. बाळंतिणीने बाळ तिच्या मांडीवर दिलं. वनिता म्हणाली, "नंबर आमी चुकवला होता, बाय." ‘आमी’ म्हणाली ती. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

पायथ्याची शेवटची ओळ तिने स्वतः लिहिली होती : ‘माहिती चुकली असेल तर वनिताला कळवा.’ पुढे तिचा नंबर. गेल्या आठवड्यात मी ती फाइल उघडली. नंबर माझा घातला. नाव पुसायला गेले आणि थांबले... तिथे एकदा खोडलं असतं, तर चाळीसही पानांवरून ते एका क्षणात गेलं असतं.

नाव तसंच आहे. परवा एका बाईंचा फोन आला, "वनिताबाय का?"

"तिची मैत्रीण बोलतेय," मी म्हटलं. "सांगा, काय चुकलंय?"