एक बोट जागा

बोटमेस्त्रींकडे गाडी नेली की ते आधी गाडीकडे बघायचेच नाहीत. तुमच्याकडे बघायचे, आणि पहिला प्रश्न ठरलेला. "माणसं किती बसणार? नि आंब्याच्या पेट्या किती?" समोर मुंबईहून आलेली, जमिनीला पोट टेकेल अशी स्पोर्ट्स कार उभी असली तरी प्रश्न हाच. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हातारा फिरकी घेतोय. मलाही तसंच वाटलं, आणि तिथेच माझं चुकलं.

त्यांचं नाव हसनभाई. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या वाटेवर, समुद्राचा वारा थेट तोंडावर येतो अशा जागी त्यांची पत्र्याची शेड होती. गावी परतण्याआधी शारजात बावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, हौशी लोकांच्या गाड्या खाली बसवण्याचं. म्हणजे कंपनीच्या स्प्रिंगा काढायच्या, त्याजागी आखूड आणि कडक स्प्रिंगा घालायच्या, त्यांना जुळणारे शॉकअप घालायचे. मग गाडी रस्त्याला चिकटून, दबा धरल्यासारखी बसते. ज्याला हे वेड नाही त्याला त्यात काय बघायचं ते कळणार नाही. ज्याला आहे तो पार्किंगमधून निघताना चार वेळा मागे वळून बघतो. मी दहा वेळा बघायचो.

आता रत्नागिरीत, जिथे खड्डा चुकवला की गतिरोधक आणि गतिरोधक चुकवला की म्हैस, तिथे गाडी खाली बसवून घ्यायला कोण येणार? लोकांनी हसनभाईंना वेड्यात काढलं होतं. पण कोल्हापूरपासून गोव्यापर्यंतची पोरं यायला लागली, कारण त्यांनी बसवलेली गाडी इथल्या रस्त्यावर चालायची. त्याचं कारण सोपं होतं. जिल्ह्यातल्या प्रत्येक गतिरोधकाची उंची त्यांना तोंडपाठ होती. शाळेपुढचा किती, दवाखान्यापुढचा किती, सगळं. "सगळ्यात उंच आमच्या मोहल्ल्यातला," ते अभिमानाने सांगायचे. "मीच मागे लागून घालून घेतलाय."

बोटमेस्त्री हे नाव पडलं ते मापामुळे. टायर आणि वरच्या मडगार्डची कड यांच्यामधल्या फटीत ते हात आडवा घालायचे आणि डोळे मिटायचे. "साडेतीन बोटं हाय. दोनावर आणू." भिंतीवर टेप टांगलेला होता, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. मी पडलो दाताचा डॉक्टर, आमचा सगळा धंदा मिलिमीटरचा. मला चैन पडेना. एकदा त्यांनी बसवलेल्या एका गाडीची चारही चाकं मी माझी पट्टी घेऊन मोजली. डावं-उजवं तंतोतंत. मेस्त्री बाजूला उभे राहून शांतपणे चहा पीत होते. "मोजलंत? आता झोप लागेल ना?" एवढंच म्हणाले.

माझी गाडी जुनीच होती. दोन दारांची, मागे नावापुरती सीट, करड्या रंगाची. पण माझ्या आयुष्यातली ती एकमेव चैन होती, आणि तिच्या निमित्ताने मी दवाखाना बंद करून संध्याकाळी मेस्त्रींकडे जाऊन बसायला लागलो. प्रश्न विचारून मी त्यांना भंडावून सोडायचो. ते कधी वैतागले नाहीत. नुसती स्प्रिंग बदलून का भागत नाही, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मला एका गाडीचं नाक दोन्ही हातांनी दाबून सोडायला लावलं. ती गाडी चार वेळा खालीवर झाली. मग शेजारची दाबायला लावली. ती एकदा वर आली आणि थांबली. "स्प्रिंग गाडीला धरते, नि शॉकअप स्प्रिंगला धरतो. धरणारा नसला तर ती नाचत राहणार. माणसासारखंच हाय वो." हे मला तीन पुस्तकांतून कळलं नव्हतं.

त्यांच्या कामाची आणखी एक तऱ्हा होती. गाडीत जे जे बसणार त्या सगळ्यांना आणायचं, गाडीत बसवायचं, आणि मग मेस्त्री चटई टाकून खाली आडवे होऊन माप घेणार. "रिकामी गाडी खोटी असते," असं त्यांचं म्हणणं. गुहागरचा एक मासेमारी बोटीचा मालक बायको आणि दोन मेव्हण्यांना घेऊन आला होता. तिघी आत कोंबून बसल्या आणि खुदूखुदू हसत सुटल्या. मेस्त्री खालून गंभीरपणे म्हणाले, "बायांनो, दोन मिनिटं हसू नका, माप हलतंय." झालं, मग तर गाडी आणखीच हलायला लागली. त्या दिवशी माप घ्यायला पाऊण तास लागला, पण मेस्त्रींनी ते तिघींना आत बसवूनच घेतलं.

एका गोष्टीवर मात्र त्यांचा राग होता. गावात एकजण ग्राइंडरने मूळच्या स्प्रिंगचा वेढा-दीड वेढा कापून गाडी खाली बसवून द्यायचा. तासाभराचं काम. मेस्त्रींच्या दारावर तशी एक कापलेली स्प्रिंग टांगलेली होती. वळणावर चाक खड्ड्यात गेलं आणि ती आपल्या जागेवरून निसटली होती. "पोरगा वाचला," एवढं सांगून ते विषय बदलायचे.

गणपती झाल्यावर मी माझी गाडी त्यांच्याकडे दिली. प्रश्न आला. माणसं किती, पेट्या किती? आता खरं सांगायचं तर आमच्या घरातून मे महिन्यात कुठलीही गाडी घाटावर रिकामी जात नाही. आई जाऊच देत नाही. बहीण कोल्हापूरला, तिची सासू, शेजारीण, तिच्या ऑफिसातले साहेब, सगळ्यांच्या पेट्या ठरलेल्या. पण हे सांगितलं तर मेस्त्री मला उंच स्प्रिंगा देणार हे मला माहीत होतं, आणि मला तर अगदी एक बोट फट हवी होती. मी म्हणालो, "मी एकटाच. पेटी एकही नाही."

मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, मागचं दार नसलेल्या त्या गाडीत वाकून मागची सीट चाचपली आणि म्हणाले, "बरं."

पंधरा दिवसांनी गाडी मिळाली. वळणावर कशी चालायची म्हणून सांगू. पण फट दोन बोटं होती. मी कुरकुर केली तर म्हणाले, "नवीन स्प्रिंग हाय. बसेल हळूहळू." झालं. मी दर रविवारी अंगणात उकिडवा बसून फटीत बोटं घालायचो. दिवाळी गेली, शिमगा गेला, स्प्रिंग काही बसेना. माझा संताप व्हायला लागला. आणि माझ्या तोंडाला कुलूप नाही. माझे पेशंट आ वासून खुर्चीत पडलेले असतात, त्यांना उत्तर देता येत नाही, मग मी सुटतो. "बोटमेस्त्रींचा हात गेला आता. वय झालं. माप चुकतं त्यांचं." हे मी किती जणांना ऐकवलं, देव जाणे. रत्नागिरीत सकाळी खुर्चीत बोललेलं दुपारी मासळी बाजारात पोचतं. पोरं दुसरीकडे जायला लागली. आणि मी? मी त्या ग्राइंडरवाल्याकडे दिवस ठरवून मोकळा झालो होतो. जूनचा पहिला सोमवार.

त्याआधी बहिणीची वास्तुशांत आली. आई पुढे बसली, आत्या मागे दोन पेट्यांच्या मध्ये, डिकीत चार पेट्या. "अरे, अजून एक मावेल," आईचं चालूच होतं. आंबा घाटात एका वळणावर रस्ता उखडलेला होता. समोरून ट्रक आला म्हणून मला गाडी तशीच खड्ड्यात घालावी लागली. मागचा टायर मडगार्डला घासणार, फाटणार, असं वाटून मी दात आवळले. गाडी खाली बसली, वर आली आणि थांबली. आवाज नाही, काही नाही. खाली दरी होती. आई आत्याला कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाबद्दल सांगत होती, ती सांगतच राहिली.

घाटमाथ्यावर चहाला थांबलो. मी उतरून मागच्या चाकापाशी बसलो आणि फटीत हात घातला. एक बोट आत गेलं. दुसरं जाईना.

"काय रे, पंक्चर?" आईने विचारलं.

"नाही."

"मग टायरला काय गोंजारतोयस?"

आई, आत्या आणि सहा पेट्या धरून त्या माणसाने माप घेतलं होतं. मी मात्र 'एकटाच' म्हणालो होतो.

परत आल्या आल्या मेस्त्रींकडे गेलो. ते हत्यारं पोत्यात भरत होते. मुंब्र्याला मुलीकडे निघाले होते, कायमचे. "काम कमी झालं, डॉक्टर. नुसतं बसून काय करायचं?" कशामुळे कमी झालं ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी सगळं कबूल केलं, खोटं बोलल्याचं आणि गावभर बोललेलं. कान धरायचे तेवढे बाकी ठेवले. मग विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

"मागच्या सीटच्या फटीत पेंढा होता. पेटीतला."

"मग तेव्हाच माझ्या तोंडावर का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्या ग्राइंडरवाल्याकडे गेला असता." पोत्याचं तोंड बांधता बांधता ते म्हणाले. "मला नावं ठेवलीत, चालतंय. स्प्रिंग बसेल म्हणून वाट बघत तरी राहिलात."

गिऱ्हाइकाला न सांगता असं करणं बरोबर की चूक, याचा मी आजही विचार करतो. माझ्या पेशंटला मी असं फसवलं तर मला झोप लागणार नाही. आणि त्यांनी फसवलं नसतं तर त्या वळणावर काय झालं असतं, या विचारानेही लागत नाही.

मी म्हणालो, मी गावभर सांगतो, माझंच चुकलं म्हणून. तुम्ही जाऊ नका. त्यांनी मान हलवली. "मुलीला कळवून झालंय. नि गावभर सांगू नका. तुमच्या आईंच्या कानावर जाईल. त्यांना वाटेल, आपल्या पेट्यांपायी मेस्त्रीचं काम गेलं. म्हाताऱ्या माणसाला कशाला ते?"

माझ्या आईला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

मी दोन वर्षं गप्प बसलो. मेस्त्रींचा हात उत्तम होता, असं मोघम सांगायचो, पण आधी एवढं बोलून ठेवलेलं, कोण ऐकतंय? गेल्या पावसाळ्यात मुंब्र्याहून फोन आला, मेस्त्री गेले. त्या दिवशी मला राहवलं नाही. आईला समोर बसवून सगळं सांगितलं. तिने डोळे पुसले. मग माझ्यावर भडकली, लहानपणी भडकायची तशी.

"आणि हे तू फक्त मला सांगतोयस? नावं ठेवलीस ती गावभर ना?"

"त्यांनीच सांगितलं होतं, तुझ्या कानावर..."

"आता आलं ना कानावर? माझं मी बघते. तू जा आणि सांग."

तेव्हापासून खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला सांगतो. पण तेव्हा माझं बोलणं ऐकलेले बरेचजण दात बरे होऊन गेले, ते परत आले नाहीत. त्यांच्यासाठी हे लिहितोय. बोटमेस्त्रींचा हात शेवटपर्यंत शाबूत होता. मी त्यांच्याशी खोटं बोललो होतो.