आधी माझं बाळंतपण

माझ्या धाकट्या जावेची तारीख माझ्या आठ दिवस आधीची होती. एवढ्याशा गोष्टीवरून मी ते नऊ महिने जळत काढले, हे आज लिहायलाही लाज वाटते, पण खरं आहे.

माझ्या लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती. एकदा तिसऱ्या महिन्यात पोट रिकामं झालं होतं, त्यानंतर काहीच नाही. जाऊ घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. या वेळी दिवस राहिल्याचं घरात आधी मी सांगितलं. तीन आठवड्यांनी तिला उलट्या सुरू झाल्या, आणि सोनोग्राफीत तिचेच दिवस माझ्यापेक्षा आठाने जास्त निघाले. मी आधी सांगूनही ती पुढे निघून गेली.

माझी आई माझ्या लग्नाआधीच वारली. त्यामुळे माझं बाळंतपण सासरीच, मध्य प्रदेशातल्या बालाघाटला होणार होतं. जावेचं माहेर तिरोडीचं. रीतीप्रमाणे तिने पहिल्या बाळंतपणाला तिकडे जायचं. पण तिकडे मोठा दवाखाना नाही म्हणून तीही इथेच राहिली. एका घरात दोन पोटुशा सुना आणि सासूबाई एक. तिच्या आईचा रोज फोन यायचा आणि ती स्पीकर लावूनच बोलायची. “जेवली का व? झोपली का व?” मी तिथेच लसूण सोलत बसलेली असायची. तिरोडीहून कोणी येणारं असलं की तिची आई जवसाची चटणी आणि लाडू पाठवायची. जाऊ आधी मलाच द्यायची. मी म्हणायची, “मले अ‍ॅसिडिटी होते.” आणि दुपारी ती झोपली की डबा उघडून दोन लाडू खायची.

अडतीस आठवडे भरले होते तेव्हा तपासणीला मी एकटीच गेले. नवरा भरवेलीच्या खाणीत पहिल्या पाळीला होता, आणि जावेची कंबर दुखते म्हणून सासूबाई तिच्यापाशी थांबल्या होत्या. तेही मला झोंबलंच होतं.

डॉक्टरीणबाईंनी दोनदा बीपी पाहिलं. थोडं वर होतं. लघवी साफ निघाली. त्या म्हणाल्या, “देखो, दो रास्ते हैं. दवा देकर दर्द शुरू करा सकते हैं, या फिर रुको और हर दो दिन में बीपी दिखाओ. बच्चेदानी का मुँह अभी तैयार नहीं है, इसलिए टाइम लग सकता है. अभी मजबूरी कुछ नहीं. घर में पूछ लो, कल बताना.”

ई-रिक्षात बसल्या बसल्या माझा निर्णय झाला होता. परवा भरती झाले तर जावेच्या आधी माझं मूल. घरातलं पहिलं नातवंड माझं. आणि सासूबाई माझ्यासोबत.

घरी येऊन मी सांगितलं, “डॉक्टरीणबाई म्हनतात, आता थांबू नका. परवा दवा टाकून कळा आनतो.”

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच पेटी उघडून जुनी मऊ लुगडी काढली आणि जावेला म्हणाल्या, “तुया मायले बोलावून घे व तिरोडीवरून. मी हिच्यासंग दवाखान्यात राहीन.” त्या लुगड्यांच्या घड्या घालत होत्या आणि मी बघत होते. गेल्या कित्येक महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. जाऊ माझी फाइल हातात घेऊन आली. लग्नाआधी ती एका खासगी दवाखान्यात नर्स होती, हे मी विसरलेच होते.

“ताई, डोकं दुखते का तुमचं?”

“नाई.”

“डोळ्यापुढं अंधारी येते? पोटात वरच्या बाजूनं दुखते?”

“नाई व. काहून?”

“फाइलमंदी तर लिहून हाय, दोन दिवसांनी बीपी पाहा. भरतीचं काहीच नाई.”

मी मेथीच्या काड्या मोडत राहिले. ती खाली बसली. पोटामुळे तिला बसायला वेळ लागला. “तुमाले माह्या आधी पाह्यजे नं?” तिने हळूच विचारलं.

मी वर न बघता म्हटलं, “तुले काय फरक पडते? तुले तर माय हाय.”

मला वाटलं, ती विरघळेल. ती भडकली. “माय हाय तर मी काय करू? मारून टाकू का तिले तुमच्यासाठी?”

बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. मग ती म्हणाली, “दवानं कळा आननं काही वाईट नाई. गरज असली तर कराच, मी सोता म्हनीन. पन पिशवीचं तोंड तयार नसन तर एकेक, दोन दोन दिवस जातात. कधी ऑपरेशन करा लागते. तुमाले वाटते तर करा, ताई. पन माह्यावर जळून नका करू. मी सांगत नाई कोनाले. तुमीच सांगा.”

नवरा घरी आला. त्याच्या बुटांवर मँगनीजची काळी धूळ होती. तो मोरीवर बूट धूत असतानाच मी त्याला सगळं सांगून टाकलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो बराच वेळ एकच बूट घासत राहिला.

“तुले नेमकं काय पाह्यजे?” त्याने विचारलं.

“आई माह्यासंग पाह्यजे.”

“मंग आईले सांग नं तसं. डॉक्टरले काहून मंधात टाकते?”

मी सासूबाईंना सांगितलं. त्या मला जवळ घेतील, अशी आशा होती. त्यांनी लुगडी परत पेटीत टाकली आणि म्हणाल्या, “मले काय वाटून घेता का दोघी? जिले आधी कळा येतीन, तिच्यासंग जाईन.” त्या रात्री त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना थांबते म्हणून कळवलं. दर दोन दिवसांनी बीपी दाखवायला जात राहिले, आणि मनात रोज जावेच्या पोटाकडे बघून म्हणायची, अजून नको, अजून नको.

सहाव्या दिवशी दुपारी जेवताना तिला कळा लागल्या. तिच्या आईला तिरोडीहून यायला वेळ लागणार होता, म्हणून सासूबाई गेल्या. नवऱ्याचा फोन आला, मुलगा झाला. “हौ, बरं झालं,” मी म्हटलं आणि वरणात दुसऱ्यांदा मीठ टाकलं. बाळ घरी आलं तेव्हा मी त्याच्यात खोट शोधत बसले. कान मोठे होते. मला त्या कानांचाही आधार वाटला.

माझ्या तारखेला तीन दिवस राहिले असताना सकाळी उठले तर तोंड सुजलेलं, डोकं ठणकत होतं. बीपी खूप वर गेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अब रुकना नहीं है. आज ही भर्ती.” आणि या वेळी मीच घाबरले. मला तेव्हा नको होतं. मी दवाखान्यातल्या खाटेवर बसून घरी जावेला फोन लावला.

“डोकं दुखते?” तिने विचारलं.

“हौ. खरंच दुखते.”

“मंग आता विचार नका करू. भरती व्हा. आईले पाठवतो आत्ताच. माही माय हाय इथं माह्याजवळ.”

औषध सकाळीच दिलं. जावेने सांगितलं होतं तसंच झालं. कळा यायच्या, जायच्या, पुढे काही सरकायचं नाही. सासूबाई माझी पाठ चोळत होत्या. जावेच्या आईने घरून पातळ खिचडी आणि चहा पाठवला. मी खिचडी खाल्ली आणि या वेळी कोणाचं काही चोरून खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली, ऑपरेशन न करता. नर्सने तिला गुंडाळून सासूबाईंच्या हातात दिलं. त्या रडत होत्या, हसत होत्या, वाकून तिच्याकडे बघत होत्या.

“पाह्य नं,” त्या म्हणाल्या, “डिट्टो आपल्या पोट्ट्यावानी दिसते, चार दिवसांआधी आला त्याच्यावानी.”

मला अजून टाके घालत होते. तेवढ्यातही माझ्या अंगातून जाळ गेला.

“ते कोनावानी नाई, सोतावानीच दिसते,” मी म्हटलं. “द्या इकडं तिले.”