मेंदूतली गाठ आणि ज्येष्ठातले लग्न

“डॉक्टरसायेब, एवढंच सांगा. पोरीचं लगन आता करू, का दिवाळीनंतर?” गोदाबाईंनी विचारले. शेजारी त्यांचे यजमान संपतराव, मोर्शीचे संत्रेवाले, अगदी ठणठणीत बसले होते. माझा गोंधळ नेमका तोच होता.

हिवाळ्यात ते अमरावतीला आमच्या इस्पितळात आले, तेव्हा डोके दुखे, उलट्या होत आणि ताटातल्या डाव्या बाजूचे अन्न तसेच राही. दृष्टी शाबूत होती. मेंदूच डावी बाजू विसरला होता. मला क्षयाची गाठ वाटली. मुंबईच्या सर्जनांनी कवटीला छिद्र पाडून गाठीचा तुकडा तपासला. रिपोर्ट आला : लिंफोसार्कोमा.

मान, काख, जांघ येथे लहान ग्रंथी असतात. त्यांतल्या पेशींचा हा कर्करोग. पण मेंदूत अशा ग्रंथीच नसतात! मी संपतरावांची मान, काखा, जांघा पुन्हा चाचपल्या. कुठेही काही नाही.

मग मुंबईलाच डीप एक्स-रे दिले, म्हणजे किरणांनी गाठ जाळण्याचा उपचार. थोड्याच आठवड्यांत संपतराव पूर्ण ताट जेवू लागले. इतका घातक रोग असा विरघळतो? की निदानच चुकले?

मी सिव्हिल सर्जनसाहेबांना गाठले.

“ठाऊक नाही, तर तसे सांगा,” ते म्हणाले.

“सांगितले, सर. बाई म्हणतात, त्यावर मुहूर्त निघत नाही.”

मी परतलो, तेव्हा संपतराव चिडले होते. “दिवाळीत आंबिया बहाराची संत्री विकून धूमधडाक्यात करीन ना! काहून घाई करून राहिले तुमी?”

ज्येष्ठ सरला की दिवाळीपर्यंत लग्ने बंद. मी म्हणालो, “ज्येष्ठातच उरका.”

“म्हंजे मी मरतो म्हनता?”

“मला माहीत नाही, म्हणून म्हणतो.”

लग्न साधेपणाने झाले. कन्यादान त्यांनी स्वतः केले.

दिवाळीनंतर ते संत्र्यांची टोपली घेऊन हजर. “पाहा, जिताच हावो! वाजंत्रीबिगर लगन केलं म्हनून गाव हासते मले.” मीही हसलो आणि आणखीच गोंधळलो.

संक्रांतीनंतर त्यांचा उजवा हात लुळा पडला, शब्द अडखळू लागले. रोग आता मेंदूच्या दुसऱ्या बाजूला उगवला होता. या वेळी किरणांचा गुण आला नाही. होळीपूर्वी ते घरीच वारले.

गाठ तेथे मुळात आली कशी, हे मला तेव्हा कोणी सांगू शकले नाही. गुण येणे म्हणजे रोग जाणे नव्हे, एवढे मात्र कळले. आता कोणी अशी तारीख विचारली, तर मी दोन्हींतली अलीकडचीच सांगतो.