खेळण्यास सक्त मनाई

परवा माळा आवरताना पत्र्याची जुनी पाटी हाती आली: ‘आवारात खेळण्यास सक्त मनाई’. मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी झालो तेव्हा ती मीच लावली होती, चार कॅमेऱ्यांसकट. वर्षभर पोरं घरात कोंडलेली. मग गणपतीत, उदबत्तीच्या धुराने भरलेल्या मांडवात, माझ्या बारा वर्षांच्या लेकीने स्वतः लिहिलेली गोष्ट वाचली. पुढच्या शतकातलं एक शहर. तिथे मोठ्याने हसलं की भोंगा वाजतो आणि मुलांना चेंडू फक्त चित्रात दाखवतात. तिथला हुकूमशहा रोज सकाळी बनियनवर गॅलरीत उभा राहून सगळ्यांवर नजर ठेवतो. ‘वा! पुढाऱ्यांना काय झकास हाणलंय!’ म्हणत मी सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या. मांडव हसून लोळला. बायको कानात म्हणाली, ‘अहो, बनियनवाले तुम्हीच!’ तेवढ्यात लेक माइकवर म्हणाली, ‘गोष्टीला शेवट नाहीये. तो बाबा करणार.’ आता काय करता? उठलो आणि सगळ्यांदेखत पाटी उखडली. दुसऱ्या दिवशी पोरांनी तिचाच स्टम्प केला, मला पहिली बॅटिंग दिली आणि लेकीने पहिल्याच चेंडूवर मला बोल्ड केलं. पत्र्याला तेव्हा पडलेला पोचा अजून तसाच आहे. आता पाटी मी पुन्हा लावली आहे, आमच्या हॉलमध्ये, लेकीच्या ट्रॉफ्यांशेजारी.