संदेष्ट्यानं शनिवारीच पुकारलं

सान लुकास तेकोमाते गावात क्रेसेन्सियो दोन गोष्टींसाठी ओळखला जायचा. बकरं कापण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या डोंगरात कुणी नव्हता. आणि येशूच्या मरणाच्या पवित्र आठवड्यात तो भाकितं पुकारायचा. त्याच्याआधी त्याचा बाप पुकारायचा, बापाआधी आजा. एरवी त्याला चेंचो म्हणून हाका मारणारे लोक त्या आठवड्यात त्याला संदेष्टा म्हणत, वाट सोडून उभे राहत, आणि गडी असा काही ताठ चालायचा की बघत राहावं. त्याची बायको एदुविखेस चारचौघांत म्हणायची, "आठवडाभर हा म्हातारा बायबलातला यशया असतो, मग पुन्हा माझ्याबरोबर आतडी धुवायला बसतो."

येशूचं मरण रस्त्यावर करून दाखवणारी गावं पुष्कळ आहेत. पण आमच्या गावची रीत कडक. येशूच्या बाबतीत जुन्या संदेष्ट्यांनी आधी लिहून ठेवल्याशिवाय काहीच घडलं नाही ना? मग आमच्याकडेही आधी पुकारल्याशिवाय काही घडत नाही. चर्चच्या ओट्यावरून संदेष्टा ओरडला, "मी मारणाऱ्यांपुढे पाठ केली," की आसूड सुरू. तो ओरडला, "त्याच्या वळांनी आम्ही बरे झालो," की आसूड बंद. मध्ये दोन श्वासांचं अंतर, दोरी मऊ, लाल रंगात बुडवलेली. सगळ्यात शेवटचं भाकीत रविवारी पहाटे गुहेपुढे पुकारायचं: तू माझा जीव मेलेल्यांत सोडणार नाहीस, तुझ्या पवित्राला कुजू देणार नाहीस. ते ऐकल्यावर दगड हटतो आणि शुक्रवारपासून आत पाव आणि पाण्याची घागर घेऊन बसलेला येशू बाहेर येतो. पुकारलं नाही तर दगडाला कुणी बोट लावायचं नाही. एका वर्षी क्रेसेन्सियोच्या बापाचा घसा बसला, तर ऊन डोक्यावर येईपर्यंत गाव मेणबत्त्या धरून उभं होतं आणि आतला येशू सगळ्यांच्या आयाबहिणी काढत होता.

त्या वर्षी येशू होणार होता नाबोर.

नाबोर कोण ते सांगायला हवं. पोरका पोरगा, क्रेसेन्सियोच्याच दारात वाढला, त्याच्याकडेच कापायला शिकला. सुरी कशी धरायची, टोक कुठे टेकवायचं, म्हणजे जनावराला कळायच्या आत संपतं, हे सगळं क्रेसेन्सियोनं त्याच्या हातावर हात ठेवून शिकवलं. क्रेसेन्सियोचा एकुलता एक मुलगा फेर्मिन आणि हा एका ताटात जेवायचे. मग एका जत्रेत मेस्काल दारूच्या बाटलीवर बाटली रिचवताना फेर्मिननं त्याला उकिरड्यावर सापडलेला म्हटलं, आणि नाबोरनं कमरेची सुरी काढली. फेर्मिनचं प्रेत घरच्या ओट्यावर ठेवलं तेव्हा क्रेसेन्सियोनं सदरा वर करून जखम पाहिली. अगदी त्यानं शिकवलेल्या जागी होती. त्या दिवसापासून तो नाबोरचं नाव घेईनासा झाला.

नाबोर तुरुंगात गेला, सजा भोगून परत आला, आणि आल्या आल्या चर्चमध्ये गुडघे टेकून नवस बोलला की यंदा क्रूस मी वाहीन आणि दोरी खरी मागेयी निवडुंगाची असू दे, काट्याची. आमच्याकडे नवस कुणाचाही असो, मोडता येत नाही. उत्सवाचा कारभारी आनास्तासियो घाबरत घाबरत क्रेसेन्सियोकडे विचारायला गेला. यंदा दुसरं कुणी पुकारलं तरी चालेल म्हणाला. क्रेसेन्सियो सुरी घासत होता. मान वर न करता म्हणाला, की मी आहे ना, मीच पुकारीन. एदुविखेसनं आतून ते ऐकलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्या माणसाचा तो आवाज तिनं ऐकला नव्हता.

शुक्रवारी दुपारी नाबोरला खांबाला बांधलं. खेळातल्या रोमी शिपायांचा म्होरक्या लिब्रादो, क्रेसेन्सियोचा जुना दोस्त, आसूड घेऊन उभा राहिला. क्रेसेन्सियोनं ओट्यावरून पहिलं भाकीत पुकारलं आणि आसूड पडला. पाठ पहिल्याच फटक्यात फुटली. लिब्रादोनं वर पाहिलं.

क्रेसेन्सियो गप्प.

आता लिब्रादोनं करायचं काय? पुकारा झाल्याशिवाय थांबता येत नाही. दुसरा मारला, तिसरा मारला, पुन्हा वर पाहिलं. ओट्यावर तो हाताची घडी घालून उभा. लिब्रादोचा हात भरून आला तेव्हा दुसऱ्या शिपायानं आसूड घेतला. तो रडत रडत मारत होता. पाठीवर कातडी म्हणून राहिली नव्हती, रक्त टाचांवरून दगडी फरशीवर येत होतं, पुढे बसलेल्या बायकांच्या घागऱ्यांवर उडत होतं. कुणीतरी म्हणालं, चेंचो, बास कर. कुणीतरी त्यालाच गप्प केलं. आणि खरं सांगू? आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते बघवत नव्हतं, पण नजरही हटत नव्हती. नाबोर ओरडला नाही. मान वळवून तो ओट्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात विनवणीचा लवलेश नव्हता. त्यानंच क्रेसेन्सियोचं डोकं आणखी फिरलं. भीक माग, असं त्याच्या मनात चाललं होतं, एकदा तरी भीक माग मेल्या.

नाबोरचे गुडघे गेले आणि तो दोरीवर लोंबायला लागला तेव्हा कुठे वरून आवाज आला, "त्याच्या वळांनी आम्ही बरे झालो." लिब्रादो भिंतीकडे जाऊन ओकला.

त्यानंतर नाबोरच्या खांद्यावर मेस्कितेच्या जड लाकडाचा क्रूस दिला. टेकडीच्या वळणावर नाबोर पाठीवर पडला आणि क्रूसाचा बुंधा त्याच्या छातीवर आला. हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. तरी त्याला उठवला, क्रूसावर बांधला, उतरवला, आणि संध्याकाळी गुहेत नेऊन दगड लावला. रीत म्हणजे रीत. डॉक्टरला बोलवू या असं एक नवी सून म्हणाली, तर आनास्तासियोनं तिला झापलं, की मेलेल्याला कुणी डॉक्टर आणतं का? रविवारी उठेल तेव्हा बघू. असली अक्कल आमच्याच गावात सापडायची.

शनिवारी सकाळी क्रेसेन्सियोला सणाची बकरी कापायची होती. ती त्याच दिवशी मसाला लावून, मागेयीच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यांच्या खड्ड्यात पुरायची, म्हणजे रविवारी मांस हाडावरून सुटून येतं. त्यानं पहिलं बकरं पायाखाली घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा त्याची सुरी चुकली. नरडं अर्धंच कापलं गेलं. बकरं मरेना, ओरडताही येईना, नुसता श्वास आत ओढताना घर्र घर्र करत त्याच्याकडे बघत होतं. त्यानं घाईघाईनं दुसरा वार केला. एदुविखेस परात धरून उभी होती. ती परात खाली ठेवून आत निघून गेली.

रक्ताचे हात तसेच घेऊन तो टेकडी चढला. दया आली म्हणून चालला होता असं कुणी समजू नका. त्याला ऐकायचं होतं. ज्यानं आपलं घर बुडवलं तो अंधारात कसा तळमळतोय, ते स्वतःच्या कानांनी ऐकलं की आपल्याला झोप लागेल असं त्याला वाटत होतं.

त्यानं दगडाच्या फटीला कान लावला. आतून तोच आवाज आला. घर्र, थांबा, पुन्हा घर्र. बकऱ्याचा तो आवाज निघाला की पुढे किती वेळ उरतो हे त्याला कुणी सांगायला नको होतं. हा रविवार बघत नाही, हे त्याला कळलं.

गुहेशी बोलायची मनाई होती, तरी तो बोलला. "पाणी पी."

"सांडलं, उस्ताद," आतून आलं. मग बराच वेळ नुसता श्वास. "तुम्ही जा. उद्या पुकारू नका. असंच राहू द्या."

क्रेसेन्सियो दगडाला टेकून बसला. हेच तर हवं होतं. आता काहीच करायचं नव्हतं, फक्त घरी जाऊन बकरी पुरायची होती. कुणी एका शब्दानं बोललं नसतं. पण त्याला आठवला तो फेर्मिनला पुरल्यानंतरचा तिसरा दिवस. कबरीवर उभं राहून त्यानं गळा फाटेपर्यंत तेच भाकीत पुकारलं होतं, पुन्हा पुन्हा, आणि सगळं गाव माना खाली घालून घराघरांत बसलं होतं. माती हलली नव्हती. त्या दिवशी त्याला वाटलं होतं की भाकीत खोटं आहे. आणि आता इथे दगडाआड एक जण होता, जो उठू शकत होता.

तो उठला, दगडावर चढला आणि भर दुपारी, शनिवारी, टेकडीवरून त्यानं शेवटचं भाकीत पुकारलं.

बाजारातली माणसं पळत आली. आनास्तासियो धापा टाकत पोचला, तोंडाला फेस. वेड लागलं का म्हणाला, तिसऱ्या दिवशी लिहिलंय, उद्या पहाटे. साऱ्या गावावर पाप आणतोयस. दोघातिघांनी क्रेसेन्सियोचे पाय धरून त्याला खाली ओढला, एकानं तोंडात मारली, ओठ फुटला. लिब्रादो मध्ये पडला.

"तो पुकारून बसलाय," लिब्रादो म्हणाला. "काल त्यानं पुकारलं नाही म्हणून मी मारत राहिलो. तेव्हा रीत होती ना? मग आजपण आहे."

"पण तिसरा दिवस!" आनास्तासियो ओरडला.

क्रेसेन्सियोनं तोंडातलं रक्त थुंकलं. "माझं पोर मेलं तेव्हा तिसऱ्या दिवशीच पुकारलं होतं मी," तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. एक जण फावडं घेऊन आला नाही, बरोबरच केलंत, ते काही उठणार नव्हतं. हा उठतोय. दगड काढा."

लिब्रादोनं खांदा लावला, मग बाकीच्यांनी लावला.

नाबोरला बाहेर आणलं तेव्हा तो निळा पडला होता. पाठीला चिकटलेलं कापड मागेच राहिलं, त्याच्याबरोबर सालही निघाली. गर्दीतून एदुविखेस पुढे आली. तिनं त्याचे केस मुठीत धरून डोकं वर उचललं, जोरात, सगळ्यांना वाटलं आता ही त्याला आपटते. पण दुसऱ्या हातानं तिनं त्याच्या तोंडात पाणी घातलं. रडत होती आणि केस सोडत नव्हती. "जग मेल्या," ती म्हणत होती. "मरून सुटतोस काय? जग, आणि रोज माझं तोंड बघ."

त्याला ट्रकमध्ये घालून शहरातल्या दवाखान्यात नेलं. वाचला. छाती वाकडी राहिली, पण वाचला.

रविवारी पहाटे गाव सवयीनं मेणबत्त्या घेऊन गुहेपाशी आलं. दरवर्षी तिथून कुणीतरी ओळखीचा गडी हात हलवत बाहेर यायचा. त्या दिवशी गुहा उघडी होती, आत कुणी नव्हतं, नुसतं रक्तानं कडक झालेलं कापड पडलं होतं. म्हाताऱ्या बायांनी आयुष्यभर हा खेळ पाहिला होता. त्या एकेक करत गुडघ्यांवर बसल्या.

क्रेसेन्सियो तिथे नव्हता. तो फेर्मिनच्या कबरीशी बसला होता. पुकारलं काहीच नाही त्यानं. हातानं गवत उपटत हळूच म्हणाला, "त्याला काढला रे बाहेर. तुला नाही काढता आलं." मग तो घरी गेला आणि आदल्या रात्री पुरलेल्या बकऱ्यांचा खड्डा उघडायला लागला.